जाळे कुठे ठेवायचे : कृष्णाकाठच्या मासेमारीचा सरंजाम

मासेमारीच्या सरंजामात सर्वांत जास्त जागा अडवते ते ओले जाळे. कृष्णा, कोयना आणि वारणा या नद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या भोई लोकांपुढे ते ठेवायचे कुठे हा प्रश्न रोजचाच होता. नायलॉन येण्यापूर्वी जाळे सुताचे किंवा तागाचे असे. असे जाळे ओलेच गुंडाळून ठेवले की कुजते. सुताला बळकटी यावी म्हणून ते झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत, पण तेवढ्याने काम भागत नसे. पाण्यातून निघालेले जाळे त्याच दिवशी वाळलेच पाहिजे. त्यामुळे सातारा आणि सांगली भागात जाळ्याची जागा होडीत नव्हती, काठावर होती. भोईवाड्याच्या अंगणात किंवा नदीकाठी आडव्या बांबूच्या वलणी बांधलेल्या असत. जाळे त्यांवर पसरायचे, वाळताना फाटलेले डोळे हेरायचे आणि बांबूच्या सुईने तिथल्या तिथे सांधायचे. साठवण, सुकवण आणि दुरुस्ती या तिन्ही कामांना ती एक वलणी पुरे.

नदीचा स्वभावही या रीतीला धरूनच होता. महाबळेश्वरला उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाडवरून सांगलीकडे येणारी कृष्णा पावसाळ्यात काठ फोडून वाहते आणि धरणे होण्याआधी उन्हाळ्यात डोहाडोहांत तुटत असे. दोन डोहांमध्ये खडक, वाळू आणि गुडघाभर पाणी. अशा नदीत वजनदार नाव फिरवण्यात अर्थ नव्हता. उन्हाळ्यातली मासेमारी मुख्यतः पायी चाले. खांद्यावर पाग, म्हणजे गोल फेकायचे जाळे, घेऊन एका डोहावरून दुसऱ्या डोहावर जायचे. पागाच्या घेराला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. जाळे फेकले की त्या वजनाने घेर तळाशी बसतो आणि मासा आत अडकतो. ही शिशे खांद्यावर भार टाकत असली तरी वेगळ्या पेटीची गरज पडू देत नसत, कारण ती जाळ्यालाच जोडलेली. पकडलेला मासा कमरेच्या बुट्टीत जाई. बुट्टी हा या भागातला खास शब्द; इतर ठिकाणी जिला टोपली म्हणतात तिला सांगली-कोल्हापूरकडे बुट्टी म्हणतात. ती विणून देत बुरूड.

खोल डोहात उतरायचे तर सांगड. सुकवलेले, आतून पोकळ भोपळे दोरीने एकत्र बांधून केलेला हा तराफा. त्यावर पोट टेकवून, हातापायांनी पाणी मारत माणूस जाळ्याचे टोक पलीकडे नेई. दोन होड्या किंवा दोन डोणी जोडून बांधल्या तरी तिला सांगडच म्हणत. ‘सांगड घालणे’ हा शब्दप्रयोग आज साहित्याच्या आणि राजकारणाच्या लेखांतून फिरतो, पण पाण्यावर अशी सांगड खरोखरच बांधली जाई. सांगडीवर सरंजाम ठेवायला जागाच नसते, म्हणून जे हवे ते कमरेला, गळ्यात किंवा दातांत. योगायोग असा की सुकलेल्या भोपळ्याचा सांगली जिल्ह्यात दुसराही मोठा उपयोग झाला. मिरजेला तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकापासून ज्या भोपळ्याला गाते केले, त्याच्याच जातीचे फळ नदीवर माणसाला तरते ठेवत होते. कोणता भोपळा तंबोऱ्याला आणि कोणता पाण्याला हे ठरे त्याच्या आकारावर आणि सालीच्या जाडीवर.

होडी नव्हतीच असे नाही. पण मोठी नाव असे ती तरीची, म्हणजे नदीपार नेण्याच्या धंद्याची. माहुलीच्या संगमावर, कऱ्हाडला, सांगली आणि हरिपूरजवळ लोक, बैल, गाड्या आणि धान्य पैलतीरी नेणारी नाव पसरट बुडाची असे आणि तिच्यात मोकळी जागा ठेवणे हाच मुख्य नियम. 1868 च्या मुंबई तरी कायद्याने या धंद्याला सरकारी चौकट मिळाली. भोई दोन्ही कामे करत. तरीवर नावाडी, फावल्या वेळी मासेमार, आणि कधी पालखीचेही भोई. सैन्याची गोष्ट वेगळी. 1803 च्या मोहिमेत ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने नद्या ओलांडण्यासाठी कातड्याने मढवलेल्या बांबूच्या टोकऱ्यांचा वापर केला. टोकरा म्हणजे गोल टोपलीची नाव. बांधायला सोपी, वाहून न्यायला हलकी, पण वल्हवताना गरगर फिरणारी. पुराच्या दिवसांत ऊसपट्ट्यातल्या गावांनी गुळाच्या काहिलीचाही नावेसारखा वापर केला. रस उकळायची लोखंडी काहील पाण्यावर तरते आणि तिच्यात माणसे, पोती, शेरडे बसतात. होडीत सामान कसे मांडावे याचा विचार या सगळ्या साधनांत दिसत नाही. ती तरतात, बस्स.

सांगलीला 1929 मध्ये आयर्विन पूल झाला आणि तिथल्या तरीचे महत्त्व गेले. पुढे पूल वाढत गेले तसतशी नावाड्यांची मुख्य कमाई आटली आणि नाव मासेमारीसाठीच उरली. इथून होडीतल्या जागेचा खरा प्रश्न सुरू होतो.

त्याआधी माशांबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण सरंजाम ठरवतो तो मासा. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी असलेल्या कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतल्या माशांचे वर्णन 1839 च्या सुमारास प्रसिद्ध केले. नावे देताना त्यांनी काठावरच्या लोकांचे शब्द उचलले. म्हणून ‘खुद्री’ हा बोलीतला शब्द आजही महसीर माशाच्या शास्त्रीय नावात, ‘टॉर खुद्री’मध्ये, जिवंत आहे, आणि ‘शिंगटी’ हा शब्द ‘मिस्टस सिंगटी’ या माशाच्या नावात. शास्त्राच्या पुस्तकात भोयांचा शब्द बसला, भोयांचे नाव मात्र कुठे आले नाही. शिंगटीच्या पंखांतले काटे सुतात अडकतात आणि जाळे फाडतात, तेव्हा तिच्यासाठी गळ बरा. महसीर ताकदीचा, घशातल्या दातांनी चुरडणारा मासा. साधा गळ तो वाकवतो. पण भोयाकडे गळ असत ते मोजके, हाताच्या दोरीला बांधलेले. काडीला दोरी गुंडाळून गळाचे टोक त्याच काडीत रुतवले की पेटी झाली.

इंग्रज शिकाऱ्याची गोष्ट अगदी उलट. त्याच्या बरोबर पत्र्याचा डबा असे. निरनिराळ्या आकाराचे गळ, चकाकणारी चमचेवजा आमिषे, सुताच्या आणि रेशमाच्या दोऱ्या, फिरकी, सगळे कप्प्याकप्प्यांत. हेन्री सुलिव्हान थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे 1873 चे पुस्तक या शौकाचे भारतातले मुख्य मार्गदर्शक ठरले आणि महसीर त्याचा नायक. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव 1842 मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी तथा आप्पासाहेब महाराजांनी बांधवला; पुढे तिथे नौकाविहार आणि गळाची मासेमारी हे दोन्ही सहलीचे भाग बनले. कप्प्याकप्प्यांचा डबा या डोंगराळ भागात आला तो अशा हौशी लोकांच्या हातातून. धंद्यातल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य होता. वारंवार आमिष बदलणाऱ्याला कप्पे लागतात. जाळे एकच असते आणि ते बदलायचे नसते.

याच फरकावर पुढे अमेरिकेत एक सबंध उद्योग उभा राहिला. 1948 मध्ये लुइझियानात होम्स थर्मंड यांनी बास मासा पकडण्यासाठी ‘स्कीटर’ नावाची सपाट, निमुळती होडी बांधली. 1968 मध्ये आर्कान्सात फॉरेस्ट वूड यांनी ‘रेंजर’ बोटी काढल्या. धरणांमुळे तिथे मोठे स्थिर जलाशय तयार झाले होते, आणि दिवसभर पाण्यावर राहून पन्नास प्रकारची कृत्रिम आमिषे आजमावणाऱ्या माणसासाठी होडीतच मांडण्या, खण आणि झाकणाचे कप्पे बसवण्याची कला वाढली. मोजून-मापून करून घेतलेली मांडणी हा तिथे हौशी लोकांचा अभिमानाचा विषय आहे.

जलाशय इकडेही त्याच काळात आले. कोयना धरण 1964 मध्ये पूर्ण झाले. 103 मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे 105 टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) शिवसागर जलाशय पसरला आणि कोयनेच्या जुन्या डोहांवर पाण्याचे थर चढले. पुढे वारणेवर चांदोली, कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर. सांगलीकडे कृष्णेत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. पावसाळा सरला की त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवतात आणि मागे लांबवर पाणी तुंबते. पायी फिरण्याचे दिवस सरले. काठ दूर गेला, खोली वाढली, पाणी वर्षभर थांबले. त्यातच नायलॉनची जाळी मिळू लागली. नायलॉन कुजत नाही, म्हणून रोजच्या वलणीची गरज संपली आणि शेकडो वर्षांत प्रथमच जाळे होडीतच राहिले तरी चालेल अशी स्थिती आली. रोहू, कटला आणि मृगळ या बाहेरून आणून सोडलेल्या माशांसाठी तरंगती फासजाळी, म्हणजे मासा ज्यांच्या डोळ्यांत अडकतो अशी जाळी, लांबीने वाढली. संध्याकाळी लावायची, पहाटे उचलायची. मच्छीमार सहकारी संस्थांना जलाशय ठेक्याने मिळू लागले आणि होडी हा संस्थेच्या हिशेबातला जिन्नस झाला.

तरीही इथल्या होडीत मांडणी बसली नाही, ती का? पहिले कारण पैशाचे. एका जणाचे भागायचे तर ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब पुरते. तिच्या मधल्या पोकळीवर दोरखंडाचे जाळे विणून बसायचे, पाय पाण्यात, आणि समोर घमेल्यात जाळे. काही ठिकाणी थर्माकोलचे जाड तुकडे बांधून तराफा करतात आणि हातातल्या फळ्यांनी वल्हवतात. दुसरे कारण कामाच्या पद्धतीत आहे. फासजाळे लावताना ते जसे आत आले त्याच्या उलट क्रमाने बाहेर सुटले पाहिजे. खणात कोंबले की गुंता. म्हणून ते होडीच्या मागच्या भागात सैल ढिगाने, शिशाची कड एका बाजूला आणि तरंग्यांची कड दुसऱ्या बाजूला अशी वेटोळी घालत रचतात. बाहेरच्या माणसाला तो पसारा वाटतो. प्रत्यक्षात ती रचना एखाद्या कपाटापेक्षा काटेकोर असते, आणि ती बिघडली तर अंधारात पाण्यावर अर्धी रात्र गुंता सोडवण्यात जाते. मासा मात्र आता थर्माकोलच्या बर्फपेटीत जातो. बुट्टी बाजारापुरती उरली आहे.

अलीकडच्या फायबरच्या होड्यांत आडव्या बाकाखाली बंद कप्पा असतो. तो सामानासाठी नसून होडी पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून हवा किंवा फोम भरून मिटवलेला असतो. तो फोडून त्यात साहित्य ठेवू नये.