नगरच्या तीन जुन्या गाड्या

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा समितीचा निरोप आला. सोसायटीची स्थापना, पाण्याची टाकी आणि गणेशोत्सव या विषयांवर लिहिणारे जाणते सभासद आपल्याकडे पुष्कळ आहेत. म्हणून मी माझ्या आवडीचा विषय घेतला. जुन्या गाड्या.

जुन्या गाड्या म्हटलं की आपल्याला राजेमहाराजे आठवतात. लंडनच्या दुकानात अपमान झाला म्हणून एका महाराजांनी रोल्स-रॉइस गाड्या विकत घेऊन त्यांच्याकडून शहराचा कचरा उचलून घेतला, ही गोष्ट सोसायटीच्या ग्रुपवर दर सहा महिन्यांनी फिरून येते. कधी ते महाराज अलवरचे असतात, कधी भरतपूरचे, कधी थेट हैदराबादचे निजाम. एकच अपमान इतक्या जणांचा झाला असेल यावर माझा तरी विश्वास नाही. पण गंमत अशी की अशा ऐकीव गोष्टी पुढे पाठवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना, एक खरीखुरी रोल्स-रॉइस आपल्याच गावात उभी आहे हे माहीत नसतं.

सोलापूर रस्त्याला फराहबागेजवळ लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते ते सुरू झालं. पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतो, मुलं पॅटन रणगाड्यासमोर फोटो काढतात आणि आपण बाहेर पडतो. १९६५ च्या युद्धातले पॅटन महत्त्वाचेच आहेत, वाद नाही. पण पुढच्या वेळी गेलात तर त्या अवजड रणगाड्यांच्या गर्दीत एक चिलखती मोटार शोधा. चार चाकं, वर घुमटासारखा टरेट. तिचा सांगाडा रोल्स-रॉइसच्या 'सिल्व्हर घोस्ट' या गाडीचा आहे.

या सिल्व्हर घोस्टची कथा थोडी सांगतो. हेन्री रॉइस या इंजिनिअरने १९०६ मध्ये सहा सिलिंडरची, सात लिटरपेक्षा मोठ्या इंजिनाची गाडी तयार केली. आपल्या मारुती ८०० च्या इंजिनाशी तुलना केली तर जवळजवळ नऊ मारुतींचा ऐवज एका बॉनेटखाली. १९०७ मध्ये कंपनीने यातली एक गाडी चंदेरी रंगात रंगवली. ती आवाज न करता भुतासारखी सरकते म्हणून तिचं नाव पडलं सिल्व्हर घोस्ट. ती एकच गाडी रस्त्यावर जवळपास १५,००० मैल पळवून कंपनीने आपल्या मालाचा टिकाऊपणा लोकांना दाखवला. पुढे तेच नाव त्या सगळ्या मॉडेलला चिकटलं.

श्रीमंतांसाठी केलेली ही गाडी १९१४ मध्ये युद्धावर गेली. ब्रिटिश नौदलाच्या विमानदलाने तिच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे चढवले, वर मशीनगन बसवली. सांगाडा आणि स्प्रिंगा इतक्या दणकट होत्या की जवळपास चार टनांचं ओझं घेऊनही ती चालली. अरबस्तानच्या वाळवंटात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेल्या लॉरेन्सने तुर्कांच्या रेल्वेवर हल्ले करायला याच गाड्या वापरल्या. युद्धानंतर, १९२१ मध्ये, व्हिकर्स कंपनीने भारतीय लष्करासाठी याच सांगाड्यावर खास नमुन्याच्या चिलखती मोटारी बांधल्या. त्या वायव्य सरहद्दीवर फिरल्या. तिथल्या उन्हात, लोखंडी पेटीत बसून गाडी चालवणाऱ्या शिपायांचे हाल काय झाले असतील ते ज्यांनी मे महिन्यात एसटीच्या इंजिनाशेजारच्या सीटवर प्रवास केलाय त्यांना थोडंफार कळेल. मात्र रोल्सची किंमत सरकारलाही झेपेना, म्हणून नंतरच्या चिलखती मोटारी क्रॉस्ली कंपनीच्या स्वस्त सांगाड्यावर बांधल्या गेल्या. काटकसर फक्त सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीलाच करावी लागते असं नाही.

ही मोटार नगरमध्येच का, याचं उत्तर सोपं आहे. रणगाड्यांचं प्रशिक्षण देणारं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे आहे. के. के. रेंजवर सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरतात, हा आपल्या सर्वांचा अनुभव. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्थाही इथेच. तिचं मूळ फाळणीपूर्वी चकलाला इथे, म्हणजे आताच्या पाकिस्तानात होतं. वाहन हा नगरच्या नशिबातलाच विषय म्हणायचा. आणि लष्कराकडे जागा होती, माणसं होती, जुनं जपण्याची शिस्त होती, म्हणून ती रोल्स राहिली.

दुसरी गाडी अगदी वेगळ्या कारणाने राहिली. पिंपळगाव माळवीजवळ मेहेराजाद आहे. अवतार मेहेरबाबांचं ते निवासस्थान. तिथे एका निळ्या बसची बॉडी जपून ठेवलेली आहे. १९३८-३९ मध्ये मेहेरबाबांनी आपल्या शिष्यांना घेऊन याच बसमधून देशभर लांबलांबचे दौरे केले. भक्तमंडळी त्यांना आजही 'ब्लू बस टूर' म्हणूनच ओळखतात. बसचं चालणं संपल्यावर तिची बॉडी सांगाड्यावरून उतरवून मेहेराजादला आणली, पिंपांवर ठेवली आणि १९४९ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या एकांतवासात मेहेरबाबा तिच्यात राहिले. चाकं नाहीत, इंजिन नाही, तरी गाडी आहे. तिच्यावर श्रद्धा असणारी माणसं होती, एवढंच.

आता तिसरी. खरं तर मला लिहायचं होतं ते हिच्याबद्दलच.

१ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर राज्य सरकारची पहिली प्रवासी बस धावली. आज जिला आपण लालपरी म्हणतो त्या एसटीचा हा जन्म. त्यापूर्वी, १९३२ च्या सुमारापासून, प्रवासी वाहतूक खासगी मोटारवाल्यांच्या हातात होती. गाडी भरली की सुटणार, दर मालक ठरवणार, एका रस्त्यावर चार गाड्यांची शर्यत तर दुसऱ्या गावाला आठवडाभर काहीच नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने थोडा लगाम घातला. मग स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने स्वतःची बससेवा काढली. तेव्हा गृहमंत्री होते मोरारजी देसाई.

पहिल्या बसचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. केवटे यांच्या आठवणी वर्तमानपत्रांतून वेळोवेळी छापून आल्या आहेत. त्यांच्या सांगण्यानुसार गाडी सकाळी आठ वाजता नगरहून निघाली. वाटेत गावोगावी लोक रस्त्यावर आले, बायकांनी गाडीला ओवाळलं. पण खासगी मोटारवाल्यांचा रोष असल्याने पोलिसांचा बंदोबस्तही द्यावा लागला. हा भाग कौतुकाच्या लेखांत सहसा गाळतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या गाड्या बंद होणार होत्या त्यांचीही घरं त्यावर चालत होती. ओवाळणी आणि बंदोबस्त, दोन्ही एकाच गाडीच्या वाट्याला आलं.

सुरुवात नगरहून झाली की पुण्याहून, यावर दोन मतं आहेत. महामंडळाच्या माहितीत पुण्याहून नगरला असं म्हटलेलं आढळतं. पण कंडक्टर स्वतः गाडीत होता, त्यामुळे मी कंडक्टरचं ऐकतो. नगरकर असल्यामुळे तर नक्कीच.

गाडी होती बेडफर्ड. इंग्लंडमधल्या ल्यूटन गावच्या व्हॉक्झॉल कंपनीने १९३१ पासून हा ट्रक-बसचा ब्रँड चालवला. एसटीने सुरुवातीला अशा ३० गाड्या घेतल्या. बॉडी लाकडी, आसनं काथ्याची, बसायला जागा ३० जणांना. रंग लाल नव्हता बरं का! निळा, आणि टप चंदेरी. पहिल्या भाड्याबद्दल 'नऊ पैसे' हा आकडा सगळीकडे वाचायला मिळतो. आपले शंभर पैशांचे नवे नाणे १ एप्रिल १९५७ ला आले. १९४८ मध्ये रुपयाचे सोळा आणे, म्हणजे ६४ पैसे. त्या हिशोबाने नऊ पैसे म्हणजे सव्वादोन आणे. सुमारे ७५ मैलांचा प्रवास सव्वादोन आण्यांत, हे काही माझ्या हिशोबात बसत नाही.

त्या काळात एसटीच्या ताफ्यात एक-दोन नव्हे तर दहा कंपन्यांच्या गाड्या होत्या: शेव्हर्ले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. एकीचा नट दुसरीला चालणार नाही. डेपोतल्या मेकॅनिकांनी ही जत्रा कशी सांभाळली असेल, त्यांनाच ठाऊक. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिसच्या सांगाड्यावर दोन आरामगाड्याही बांधल्या होत्या, 'नीलकमल' आणि 'गिरीआरोहिणी'. त्या पुणे-महाबळेश्वर धावायच्या. पडदे, हिरवट काचा आणि गाडीत चक्क घड्याळ. पुढे लाकडी बॉडी जाऊन पोलादी आली. पोलाद कोकणात गंजतं म्हणून साठच्या दशकात ॲल्युमिनियम आलं, आणि त्याच सुमारास निळा-चंदेरी जाऊन लाल रंग आला. आसनं ३० ची ४५ झाली, मग ५४.

आणि पहिली बेडफर्ड? गाडीचं आयुष्य संपलं की मोडीत काढायची, लिलाव करायचा, हाच सरकारी नियम. ती ना राजाची होती, ना लष्कराची, ना कुठल्या संतांची. ती सगळ्यांची होती, आणि म्हणून कोणाचीच नव्हती. रोल्स चिलखती मोटारीसमोर आपण फोटो काढू शकतो. पण आपल्या आजी-आजोबांना ज्या गाडीने बाजाराला, दवाखान्याला, माहेराला, कॉलेजला नेलं, तिच्यासमोर उभं राहता येत नाही.

कायदाही तिच्या मदतीला येत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या, मूळ स्वरूप न बदललेल्या गाडीला २०,००० रुपये भरून 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. पण हे फक्त खासगी वापराच्या दुचाकी आणि मोटारींसाठी. बसला त्यात जागा नाही. १९७२ मध्ये बाजारात आलेली बजाज चेतक किंवा १९७४ मध्ये हे नाव मिळालेली प्रीमियर पद्मिनी मात्र आता या नियमात बसू लागली आहे. पार्किंगमधली 'बंद वाहने' हटवण्याची नोटीस काढण्याआधी समितीने आरसी बुकावरची तारीख बघावी, ही विनंती मी वार्षिक सभेत केली होती. ती इथे छापील स्वरूपात पुन्हा करतो.

१ जून २०२२ ला एसटीची पहिली विजेवरची बस 'शिवाई' सुरू झाली, तीही मुद्दाम पुणे-नगर मार्गावरच. ४३ आसनांची, आवाज न करणारी. सिल्व्हर घोस्ट हे नाव तिलाही शोभलं असतं. ती निवृत्त होईल तेव्हा तिला लिलावात न काढता माळीवाड्याच्या स्थानकात कुठेतरी सावलीला उभी करावी, अशी मागणी आपल्या सोसायटीतर्फे आत्ताच लेखी देऊन ठेवायला माझी हरकत नाही. अर्ज मी लिहितो, सह्या आपण कराव्यात.

आणखी एक. आपल्यापैकी कोणाच्या घरी कंडक्टरचा बिल्ला, तिकिटांची पत्र्याची पेटी, तिकीट पंच करायचा चिमटा, जुना पास किंवा निळ्या रंगाच्या काळातल्या एसटीसमोर काढलेला फोटो असेल, तर तो माळ्यावरून खाली काढावा. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी हॉलमध्ये एक टेबल मी त्यासाठी मागून घेतलं आहे. वस्तू त्याच संध्याकाळी ज्याच्या त्याला परत मिळतील. फोटोमागे नावं आणि साल पेन्सिलनेच लिहावं, बॉलपेनने लिहिलं की पुढून उमटतं.