साखळी आणि पट्टा

पोलादपूरहून कुडपणला चढणाऱ्या कित्येक मोटारींच्या इंजिनात झडपांची वेळ एक दातेरी रबरी पट्टा सांभाळतो. कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनीत हे काम पोलादी साखळी करी. १९६२ साली जर्मनीच्या ग्लास कंपनीने पट्ट्याची मोटार बाजारात आणली. आपल्याकडे १९८३ पासून मारुतीने तो रुळवला. पट्टा हलका, बिनआवाजी. तेल मात्र त्याला बाधते. झिजलेली साखळी खडखडून गाऱ्हाणे सांगते, पट्टा मुकाट्याने तुटतो! मग पुष्कळ इंजिनांत दट्ट्ये झडपांवर आदळतात. आम्हां संघटनावाल्यांना असले मुकेपण फार भिववते. म्हणून नुसते किलोमीटर मोजू नयेत, वर्षेही मोजावीत. उभ्या गाडीतले रबरसुद्धा म्हातारे होते. पट्टा बदलताना त्याला ताण देणारी कप्पीही तपासावी. एका गाडीवर घर चालवणाऱ्याला हा खर्च जड जातो खरा, पण घाटात इंजिन मोडले तर गाडीबरोबर त्याची रोजीही उभी राहते.