उजूर न कीजे

चिनी भाषेत ‘चांग-ची-च्यू-आन’ असा चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे. चांग म्हणजे दीर्घ, ची म्हणजे नीट लावलेला कारभार, च्यू म्हणजे चिरकाल आणि आन म्हणजे शांतता. त्याचे मूळ जिया यी या तरुण मुत्सद्द्याने हान सम्राट वेन यास इ.स.पू. दुसऱ्या शतकात सादर केलेल्या निवेदनात आहे. मांडलिक राजे डोईजड झाले आहेत, त्यांची राज्ये विभागून लहान करा, असे त्याने बजावले होते. पुढे इ.स.पू. 154 मध्ये सात मांडलिकांनी बंड केलेच. या वाक्प्रचारात कारभार आधी येतो, शांतता मागाहून.

आपल्याकडे शाश्वतीचा जुना शब्द ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्र-सूर्य असेतोवर. ताम्रपटांत तो येतो आणि त्याच्या जोडीला दान हिरावणाऱ्यास साठ हजार वर्षे नरकवासाचा शापही येतो. पुढचा राजा दान पाळील याची खात्री नसली, की आभाळाची साक्ष काढावी लागते.

निजामशाही-आदिलशाहीच्या अमलातील मराठी कागदांत मात्र निराळी भाषा आढळते: दर साल खुर्दखताचा उजूर न कीजे, तालीक लेहोन घेऊन असल फिरावून दीजे. खुर्दखत म्हणजे सरकारी आज्ञापत्र, उजूर म्हणजे हरकत. दरवर्षी नव्या पत्रासाठी अडवू नका. नक्कल दप्तरी ठेवा आणि मूळ कागद धन्याला परत द्या, असा हा हुकूम कारकुनाला आहे. त्यात चंद्र-सूर्य नाहीत. जिया यीच्या ‘ची’शी त्याचे नाते अधिक जवळचे वाटते.

अहमदनगरने, म्हणजे आजच्या अहिल्यानगरने, शाश्वतीची कसोटी पाहिली आहे. 1490 मध्ये मलिक अहमदने राज्य उभारले. 1595 साली गादीसाठी एकाच वेळी अनेक दावेदार उभे राहिले, 1600 मध्ये किल्ला मोगलांकडे गेला आणि 1636 मध्ये निजामशाही संपली. दर अंमलबदलात वतनदारांना नवी पत्रे मिळवण्यासाठी धावाधाव करावी लागे. म्हणजे ते कलमही पुरते पाळले गेले नाही.

तरी त्याने एक काम केले. असल परत मिळाल्यामुळे कागद केवळ राजधानीच्या दप्तरात अडकले नाहीत. पाटील-देशमुखांच्या घरी रुमालांत बांधलेले राहिले. पुढे राजवाड्यांसारखे संशोधक गावोगाव फिरले, तेव्हा त्यांना इतिहासाची साधने अशाच घरांतून मिळाली. राज्य टिकले नाही. ज्याचा हक्क, त्याच्या हाती दिलेला कागद टिकला.