पाडण्यापूर्वीची नोटीस

लंडनच्या नैर्ऋत्येस, थेम्स नदीच्या काठी, वॉन्ड्सवर्थ नावाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या सुमारास तेथे कूपर नावाचा एक बांधकाम व्यावसायिक एक घर बांधीत होता. काम दुसऱ्या मजल्यापर्यंत आले होते. एके दिवशी उशिरा सायंकाळी स्थानिक मंडळाचा सर्वेक्षक मजुरांची टोळी घेऊन आला आणि त्याने ते घर जमीनदोस्त करविले. आपले घर पाडले जाणार हे कूपरला आगाऊ कोणी कळविले नव्हते. त्याचे म्हणणे काय, हे तर विचारलेच नव्हते.

मंडळाची बाजू अगदीच लंगडी होती, असे मात्र नव्हे. १८४८-४९ आणि १८५३-५४ या वर्षांत लंडनने पटकीच्या दोन भयंकर साथी पाहिल्या होत्या. सांडपाण्याची व्यवस्था हा त्या नगरीच्या जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसला होता. म्हणून १८५५ च्या कायद्याने अशी अट घातली की, नव्या घराचा पाया खोदण्यापूर्वी सात दिवस मंडळास लेखी सूचना द्यावी. घराच्या मोरीचा उतार भुयारी गटाराच्या पातळीशी जुळतो की नाही, हे मंडळास वेळीच पाहता यावे, हा त्यामागील हेतू. सूचना न दिल्यास घर पाडून टाकण्याचा अधिकार त्याच कलमात मंडळास दिलेला होता. पाडण्यापूर्वी मालकास ऐकून घ्यावे, असा एकही शब्द त्यात नव्हता.

कूपरचे हातही पूर्णपणे स्वच्छ नव्हते. आपण सूचना पाठविली होती असे तो म्हणे. ती पोहोचलीच नाही, असे मंडळ म्हणे. शिवाय, सूचना पाठविल्याच्या दिवसापासून पाच दिवसांतच पाया खोदण्यास आरंभ केल्याची कबुली त्याने स्वतःच दिली होती. म्हणजे त्याचे सर्व म्हणणे खरे धरले तरी सात दिवसांची अट मोडलेली होतीच. असा हा मनुष्य नुकसानभरपाईसाठी मंडळावर दावा लावतो, आणि १८६३ साली तो जिंकतो. या खटल्याचे महत्त्व नेमके येथे आहे. निर्दोष माणसाचे ऐकून घ्यावे हे कोणीही मान्य करील; ज्याची चूक उघड दिसते त्याचेही ऐकावे काय, हा खरा प्रश्न होता.

मुख्य न्यायाधीश अर्ल यांनी त्याचे उत्तर व्यवहाराच्या अंगाने दिले. सूचना देण्यात कसूर झाली ती कदाचित अपघाताने झाली असेल. मोरीची पातळी कदाचित मंडळाला हवी तशीच असेल. मालकाला विचारले असते तर हे उघड झाले असते. विचारण्याने मंडळाचे काहीच बिघडत नव्हते, फायदा मात्र पुष्कळ होता. न्यायमूर्ती बाइल्स यांनी अधिक व्यापक तत्त्व मांडले: कायद्याने सुनावणीचा उल्लेख केला नसला, तरी ती उणीव न्यायाची परंपरा भरून काढते. या संदर्भात त्यांनी १७२३ सालच्या एका निकालाचे स्मरण दिले. केंब्रिज विद्यापीठाने डॉक्टर बेंटली या विद्वानाच्या पदव्या त्याला न विचारता काढून घेतल्या होत्या. तेव्हा एका न्यायाधीशाने म्हटले होते की, प्रत्यक्ष परमेश्वरानेदेखील आदमला शिक्षा सुनावण्यापूर्वी, तू ते फळ खाल्लेस काय, असे विचारले होते. ईश्वर तर सर्वज्ञ. त्याला उत्तर ठाऊक होते. तरीही त्याने विचारले! नगरपालिकेचा ओव्हरसियर सर्वज्ञ असल्याचे अद्याप कोणी म्हटलेले नाही.

भारतात नागरी कारभाराचा कायदा आला तो इंग्लंडच्याच वळणाने. १८८८ च्या मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यात दोन निरनिराळ्या वृत्ती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. कलम ३५१ प्रमाणे, नियमाविरुद्ध बांधकाम चालू असल्यास आयुक्ताने नोटीस द्यावयाची, आणि ते का पाडू नये याचे कारण मालकाने लेखी अगर समक्ष दाखवावयाचे. कलम ३१४ मात्र रस्त्यावरील अतिक्रमण नोटिशीवाचून हटविण्याची मुभा देते. जागेच्या मालकाला कारण दाखविण्याची संधी, आणि पदपथावर पडून राहणाऱ्याला तीही नाही!

न विचारता घरात शिरणारा कारभार किती महाग पडतो, याचा अनुभव पुण्याने १८९७ साली घेतला. त्या वर्षीच्या साथीच्या रोगांच्या कायद्याखाली प्लेगच्या तपासणीसाठी गोरे शिपाई घराघरांत शिरले, माणसे बाहेर काढण्यात आली, सामानसुमान जाळण्यात आले. रोग खरा होता, तपासणीची गरजही खरी होती. पण ऐकून घेणारे कोणी नाही ही भावना बळावली, आणि २२ जून रोजी प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडली गेली.

कलम ३१४ ची खरी कसोटी लागली ती स्वातंत्र्यानंतर. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतील पदपथांवरील रहिवाशांना हटवून त्यांच्या त्यांच्या मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात झोपड्या मोडू लागल्या. काही रहिवाशांनी आणि पत्रकार ऑल्गा टेलिस यांनी न्यायालयाची वाट धरली. पदपथावर झोपडी घालण्याचा मूलभूत हक्क आपणास नाही, असे रहिवाशांच्या वतीने उच्च न्यायालयात मान्य करण्यात आले होते. मग आता ऐकावयाचे काय उरले, असा पालिकेचा एकंदर सूर. कूपरच्या कबुलीशी याचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, हे त्यातील वाक्य प्रसिद्धच आहे. परंतु कलम ३१४ विषयीचे विवेचनही तितकेच मोलाचे आहे. ते कलम रद्द झाले नाही. नोटीस न देण्याची मुभा म्हणजे नोटीस न देण्याची आज्ञा नव्हे. सामान्यतः ऐकून घेतलेच पाहिजे, आणि अपवाद करावयाचा तर त्याचे कारण पालिकेने पटवून द्यावे, असा त्याचा अर्थ लावला गेला. ऐकून घेण्याने निर्णय बदलेल की नाही हा एक भाग. ज्याचे घर जावयाचे त्याला माणूस म्हणून बोलता यावे, हेही न्यायालयाने स्वतंत्र मूल्य मानले.

फळ मात्र तोकडे होते. रहिवाशांचे म्हणणे आम्हीच ऐकले आहे, असे म्हणून न्यायालयाने झोपड्या हटविण्यास संमती दिली. फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, थांबावयास सांगितले. १९७६ च्या गणनेतील ओळखपत्रधारकांना पर्यायी जागा द्यावी असे म्हटले, पण तीही हटविण्याची पूर्वअट म्हणून नव्हे. कूपरला निदान भरपाई मिळाली होती.

पुढे १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी देशभरच्या पाडकामांसाठी तपशीलवार नियम घालून दिले. किमान १५ दिवसांची नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने द्यावी आणि इमारतीवरही चिकटवावी, समक्ष सुनावणी, कारणे नमूद केलेला हुकूम, त्यानंतर पुन्हा १५ दिवसांची उसंत, आणि पाडकामाचे चित्रीकरण. नोटिशीवर मागाहून जुनी तारीख घातली जाऊ नये म्हणून ती निघताच जिल्हाधिकाऱ्याकडे इमेलने कळवावी, असेही सांगितले. सरकारी दफ्तराची इतकी अचूक ओळख न्यायालयाच्या निकालात क्वचितच आढळते! नियम मोडून घर पाडणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच्या खर्चाने नुकसान भरून द्यावे, हीही तंबी आहे.

या नियमांतून न्यायालयाने काही जागा वगळल्या. रस्ता, लोहमार्ग, नदी व जलाशय यांवरील अनधिकृत बांधकामांना ते लागू नाहीत. आणि त्या यादीत पदपथही आहे. तेथे राहणाऱ्याला सुनावणी मागावयाची झाली, तर त्याला १९८५ च्या निकालाकडे जावे लागते.