गुळाची पेठ आणि आपलं वजन



गेल्या पर्युषणानंतर घरातल्या सगळ्यांची तपासणी केली. दहा दिवस एकाशन करूनही माझं वजन दोन किलोंनी वाढलेलं! "एकाच वेळी दोन वेळचं जेवलं की असंच होणार," असं घरातच कुणीतरी म्हणालं. टोचलं, पण खोटं नव्हतं. नवल पुढेच होतं. सासूबाई काठीसारख्या बारीक, सूर्यास्तानंतर कधी घास न घेणाऱ्या, आणि साखर वाढलेली निघाली ती त्यांची.

कारण शोधायला आपल्या कोल्हापूरच्या बाहेर जायला नको. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाली होती. पुढे १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, तिथं गुळाचे सौदे होऊ लागले. राधानगरीचं पाणी आलं, ऊस वाढला, साखर कारखाने उभे राहिले. सणासुदीचं गोड रोजच्या चहात आलं. त्याच काळात आपल्या हातातलं जातं, मुसळ आणि आडाचा दोर सुटला. खाणं वाढलं, कष्ट घटले. उरलेलं सगळं शरीर चरबी करून साठवतं.

मग सासूबाईंचं काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं टिकून राहिलेली. दिसायला बारीक, आतून चरबीचं शरीर! आईच्या पोषणाचा यात मोठा वाटा असतो. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त धरतात. एरवी ही मर्यादा २५ आहे.

म्हणून जाड बाईला "खादाड" म्हणण्याआधी थांबावं. तिच्या अंगावर तिच्या ताटासोबत आईचं, आजीचं ताटही असतं. घरातल्या गरोदर सुनेला आणि वाढत्या मुलीला मागाहून उरलंसुरलं नको, आधी आणि सकस वाढावं.

बाकी आपल्यासाठी सहा बाह्य तपांतलं दुसरं तप आहेच: अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा थोडं कमी खाणं. मूलाचारात पूर्ण आहार पुरुषाचा ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास सांगितला आहे. त्यातला एक घास कमी केला तरी या तपाची सुरुवात होते. उपवास आपण हौसेनं करतो, कारण त्याचं पारणं होतं, कौतुक होतं. अवमौदर्याचं कौतुक कोण करणार? पातेल्यात उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून पोटात ढकलणाऱ्या आपल्याच हाताला ते आधी शिकवायला हवं. मी आता भात मोजून शिजवते. सासूबाईंच्या चहातली साखरही बंद केली आहे, आणि सोबत म्हणून माझ्याही.