वीस वर्षे शिकवून झाल्यावर

पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ साली झाली. तिच्या आजीव सदस्यांवर एक बंधन असे. दरमहा ७५ रुपये पगारावर वीस वर्षे शिकवायचे आणि मग ३० रुपये निवृत्तिवेतन घेऊन मोकळे व्हायचे. या नियमाचा उल्लेख नेहमी त्यागाचे उदाहरण म्हणून होतो. त्याची दुसरी बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. विशीत शिकवायला लागलेला माणूस त्यामुळे चाळिशीच्या आसपास, हातपाय आणि बुद्धी दोन्ही शाबूत असताना, निवृत्त होऊ शकत असे. त्यानंतर काय करायचे, याबद्दल नियमात अर्थातच काही लिहिलेले नव्हते.

हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतही २० वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर स्वेच्छानिवृत्तीची तरतूद आहे. प्रकृती, घरच्या जबाबदाऱ्या, शिकवण्याखेरीज मागे लागणारी कामे अशा कारणांनी काही शिक्षक हा मार्ग घेतात. अर्ज लिहायला एक कागद पुरतो. पण सकाळी घंटा वाजणार नाही, मुले वाट पाहणार नाहीत, अशा पहिल्या सोमवारचे नियोजन कोण करून देणार? या दृष्टीने फर्ग्युसन कॉलेजशी संबंधित तीन गणितशिक्षकांची चरित्रे आपण पाहू.

पहिले गोपाळ कृष्ण गोखले. १८८५ साली ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले. गणित आणि इंग्रजी हे त्यांचे विषय. शाळेसाठी त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही लिहिले. पुढे फर्ग्युसनमध्ये शिकवून १९०२ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते निवृत्त झाले. मात्र निवृत्तीनंतरच्या कामाची तयारी कितीतरी आधी झाली होती. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली त्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन केले, सरकारी आकडेवारी वाचण्याची सवय लावून घेतली आणि १८९७ साली इंग्लंडमध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली. मार्च १९०२ मधील त्यांचे अंदाजपत्रकावरचे गाजलेले भाषण निवृत्तीपूर्वीचेच आहे. खजिन्यातील शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून जनतेवर गरजेपेक्षा अधिक कर बसवल्याची खूण आहे, असे त्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवले. हा गणिताच्या शिक्षकाला शोभेल असाच युक्तिवाद होता.

१९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले आणि १९१५ साली गोखले वारले. शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारा कायदा देशात २००९ साली झाला. वर्ग सोडलेल्या शिक्षकाने वर्गाबाहेर राहिलेल्या मुलांचा विषय हाती घेतला होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुसरे धोंडो केशव कर्वे. टिळकांनी १८९० साली संस्थेचा राजीनामा दिल्यावर गणित शिकवायला माणूस हवा होता. गोखल्यांनी आपले एल्फिन्स्टनमधील सहाध्यायी कर्वे यांना मुंबईहून बोलावले. १८९१ पासून १९१४ पर्यंत कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. दरम्यान १८९३ साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. कॉलेजातले तास आटोपून ते पायी हिंगण्याला जात. निवृत्तीच्या वेळी त्यांचे वय ५६ होते. त्यानंतर जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांना वाचायला मिळाली आणि १९१६ साली हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू झाले. आरंभी विद्यार्थिनी होत्या पाच. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. पुस्तिकेने कर्व्यांना दिशा दिली असे आपण म्हणतो. पण आश्रमातील वीस वर्षांचा अनुभव पाठीशी नसता तर ती इतर कागदांत पडून राहिली असती.

तिसरे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. हे फर्ग्युसनचे शिक्षक नव्हेत, विद्यार्थी. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवले. संख्यांचे गुणधर्म शोधणे हा त्यांचा नाद होता. चार अंकी संख्या घ्या. सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा आणि उत्तरावर तीच कृती पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. त्यांच्या निवृत्तीचे साल घेऊन पाहा:

९६२१ − १२६९ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला होता. अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे दुर्लक्ष केले. निवृत्तिवेतन पुरत नसे म्हणून ते शिकवण्या घेत, पण संख्यांचा नाद त्यांनी सोडला नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा निवृत्तीला तेरा वर्षे झाली होती.

तिघांचे क्षेत्र वेगळे, स्वभाव वेगळे. यश तर फारच वेगळे: एकाचे विधेयक पडले, दुसऱ्याचे विद्यापीठ उभे राहिले, तिसऱ्याला कीर्ती उशिरा मिळाली. समान धागा एवढाच की निवृत्तीनंतर तिघांपैकी कोणी नवा उद्देश शोधायला निघाला नाही. नोकरीच्या काळात कामाबरोबर चालवलेला एक धागा त्यांनी पुढे नेला, आणि त्यात शिक्षकाचे कसब मोडीत निघाले नाही.

संशोधनात आम्हाला हेच दिसते. रजा मिळाली म्हणून प्रश्न सुचत नाही. आधीपासून छळणारा प्रश्न असला तरच रजेचा उपयोग होतो. म्हणून स्वेच्छानिवृत्तीचा विचार मनात येत असेल, तर निवृत्तिवेतनाचा हिशेब जरूर करावा. तिघांनाही पैशाची ओढाताण ठाऊक होती. त्याबरोबर आणखी एक नोंद करावी. गेल्या वर्षभरात कोणी सांगितले नसताना, तास संपल्यावर, आपण कोणत्या कामाला बसलो? गावातील पक्ष्यांची यादी, नापास होणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग, जुन्या विहिरींच्या पाण्याच्या नोंदी, काहीही असेल. त्या रकान्यात लिहिण्यासारखे काही असेल तर अर्ज करायला हरकत नाही. रकाना कोरा असेल तर अर्ज थोडा लांबवावा आणि आजच्या शेवटच्या तासानंतर सुरुवात करावी.