ईथरनेट
ईथरनेट : एखादी इमारत, कारखाना किंवा विद्यापीठाचे आवार अशा मर्यादित क्षेत्रातील संगणक, मुद्रक इ. साधने एकमेकांस जोडण्याची पद्धत. अशा जोडणीस स्थानिक क्षेत्र जाळे किंवा लॅन म्हणतात. जाळ्यावरून जाणारी माहिती लहान तुकड्यांत विभागतात व प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्या आणि घेणाऱ्या साधनाचा पत्ता असतो. अशा तुकड्यास चौकट म्हणतात. एकच तार अनेक संगणकांना सामाईक असल्यास ती कोणी केव्हा वापरावी, हा लॅनमधील मूळ प्रश्न होय. ईथरनेटचा इतिहास हा मुख्यत्वे या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये अलोहानेट हे रेडिओ जाळे सुरू केले. निरनिराळ्या बेटांवरील केंद्रे एकाच कंप्रतेवर मध्यवर्ती संगणकाकडे संदेश पाठवीत. पाळीची वाट न पाहता संदेश पाठवावा आणि पोच न आल्यास यदृच्छ कालावधीनंतर तो पुन्हा पाठवावा, एवढाच नियम होता. या पद्धतीत मार्गाच्या क्षमतेचा जास्तीत जास्त सुमारे १८ टक्केच उपयोग होऊ शकतो.

पालो आल्टो (कॅलिफोर्निया) येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात आल्टो हे व्यक्तिगत संगणक एकमेकांस व लेसर मुद्रकास जोडावयाचे होते. त्यासाठी रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजीच्या टिपणात अलोहानेटवर आधारलेली योजना मांडली. प्रकाशतरंगांचे वाहक म्हणून एकोणिसाव्या शतकात कल्पिलेल्या ‘ईथर’वरून त्यांनी ईथरनेट हे नाव दिले. डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने उभारलेल्या पहिल्या जाळ्याची गती सेकंदास २·९४ मेगॅबिट होती.

कार्यपद्धती : प्रत्येक संगणक प्रथम तारेवरील संकेत ऐकतो व तार मोकळी असल्यासच चौकट पाठवितो. तथापि संकेतास तारेतून जाण्यास वेळ लागत असल्याने दूरच्या दोन संगणकांना ती एकाच वेळी मोकळी भासू शकते. म्हणून पाठवीत असतानाही संगणक ऐकत राहतो. संकेतांची टक्कर आढळताच थांबतो व यदृच्छ कालावधीनंतर पुन्हा प्रयत्न करतो. टक्कर पुन्हा झाल्यास प्रतीक्षेची कमाल मर्यादा दुप्पट होते. त्यामुळे गर्दी वाढली की सर्व संगणक आपोआप सबुरीने वागतात. नियंत्रक लागत नाही. टक्करीची वार्ता परत येईपर्यंत प्रेषण चालू असले पाहिजे, म्हणून १० मेगॅबिट गतीच्या जाळ्यात चौकट किमान ६४ बाइटांची ठरविली व तारेच्या लांबीवरही मर्यादा घातली.

मानके व स्पर्धा : डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या कंपन्यांनी १९८० मध्ये १० मेगॅबिट ईथरनेटचे विनिर्देश संयुक्तपणे प्रसिद्ध केले. याउलट, आयबीएमने १९८५ मध्ये बाजारात आणलेल्या टोकन रिंग पद्धतीत संगणकांमधून एक टोकन फिरते व ते ज्याच्याकडे असेल त्यालाच संदेश पाठविता येतो. यात प्रतीक्षेची कमाल मर्यादा आधीच सांगता येते. ईथरनेटमध्ये अशी हमी नसल्याने महत्त्वाच्या कामांसाठी ते बेभरवशाचे आहे, असा आक्षेप घेतला जाई. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या समितीतही एकमत न झाल्याने दोन्ही पद्धतींना स्वतंत्र मानके मिळाली. तथापि ईथरनेटचे विनिर्देश खुले असल्याने अनेक उत्पादक पुढे आले, किंमती उतरल्या व सैद्धांतिक हमीपेक्षा स्वस्ताई आणि साधेपणा निर्णायक ठरला.

नंतरचा विकास : समाक्ष तारेतील एका दोषाने तिच्यावरील सर्व संगणकांचा संपर्क तुटे. १९९० च्या मानकाने पीळदार तारांच्या जोड्यांनी प्रत्येक संगणक मध्यवर्ती पेटीस जोडण्याची सोय केली व दोष एकाच जोडणीपुरता राहू लागला. पुढे या पेटीची जागा स्विचने घेतली. त्यात प्रत्येक संगणकास दोन्ही दिशांचा स्वतंत्र मार्ग मिळत असल्याने टक्करीच संपल्या. १० गिगॅबिटच्या २००२ मधील मानकातून सामाईक तारेची पद्धत पूर्णपणे वगळण्यात आली. ज्या युक्तीमुळे ईथरनेट जन्मास आले ती अशा प्रकारे लोपली. चौकटीची रचना व ४८ बिटांचा पत्ता मात्र टिकून राहिला. आधी ऐकणे व यदृच्छ थांबणे हे तत्त्व आज वाय-फाय या बिनतारी जाळ्यात वापरले जाते. मेटकाफ यांना २०२२ सालचा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.